जंगलात तोडायला कोयताच बरा

जंगलात तोडकामाला कोणतं हत्यार घ्यावं, या प्रश्नावर इथे दोघांनी १० इंची, जाड स्टेनलेस चाकू सुचवलाय, 'गंजत नाही' म्हणून. मला हे पटत नाही. एवढ्या लांब पात्याला घावाचा दणका सोसावा लागतो, तिथे चिवटपणा आधी आणि गंज नंतर. स्वस्त स्टेनलेस एकतर लगेच बोथट होतं, नाहीतर धारेचे टवके उडतात. गंजाला तेलाचा बोळा पुरतो.

आपल्या कोल्हापूर भागात ट्रकच्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, कोयता लोहाराकडून करून मिळतो. हे स्प्रिंगचं पोलाद वाकून परत सरळ होण्यासाठीच बनलेलं, म्हणून तोडकामाला उत्तम. लोहाराला सांगा, पाणी (तापवून बुडवून कडक करणं) फक्त धारेला दे, पाठ मऊ राहू दे. घेताना धारेवर कानस हलकेच फिरवा. सहज लोणी कापल्यासारखी चावली तर पाणी कमी बसलंय. पातं मुठीत कितपत आत गेलंय आणि रिव्हेट घट्ट आहेत का, हेही बघाच. करवंदीच्या जाळीत सैल मूठ फार धोक्याची.

एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रांच्या यादीत येतं. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण शेतात चालणारा कोयता एसटीत किंवा बाजारात उघडा नेला तर पोलीस अडवणारच. आणि दाजीपूरला, म्हणजे राधानगरी अभयारण्यात, परवानगीशिवाय शस्त्र नेणं वन्यजीव कायद्याने बंद आहे, झाडं तोडणं तर दूरच. तिकडे जाताना खिशातला छोटा चाकूसुद्धा आधी गेटवर विचारूनच न्या.