मदत हवी आहे: काल टाकलेला कोबा रात्रीत गोठला. ठेवू की फोडू?

चौथा_थर
तातडीचं आहे. काल दुपारी गॅरेजचा कोबा टाकला, रात्री थंडी पडली. सकाळी बघतो तर वर पांढरी झाक, हातोडी मारली की टणटण वाजतंय. मिस्त्री खूश, म्हणतो एका रात्रीत दगड झाला. पण कडेला नखाने खरवडलं तर पीठ निघतंय. ठेवू की फोडू? मिस्त्री पाणी मारायला पाईप घेऊन उभा आहे, लवकर सांगा.

ओळंबा
आधी तो पाईप बंद करा! नंतर हे सांगा: थंडी म्हणजे किती? जाडी किती? सळई आहे का? झाकलं होतं का? सिमेंट ओपीसी (साधं) की पीपीसी (राख मिसळलेलं)?

चौथा_थर
एवढी चौकशी कशाला? फोडायचं की नाही एवढंच विचारलंय. बरं, पहाटे उणे ४ होतं. जाडी चार इंच. ताडपत्री टाकली होती, रात्री उडाली. सिमेंटच्या गोण्या बघून सांगतो.

भुईसपाट
फोडा. गोठलेलं काँक्रीट म्हणजे मेलेलं काँक्रीट. आज रडाल, पण उद्या गाडी उभी केल्यावर तडे बघून रडण्यापेक्षा बरं.

घामाघूम
मालात मीठ का नाही टाकलं? गोणीला दोन मुठी. पंचवीस वर्षं हेच करतोय, एकदाही गोठलं नाही.

ओळंबा
घामाघूम, कोणाला हे सांगू नका हो. मिठातल्या क्लोराइडने सळई गंजते. कॅल्शियम क्लोराइड वापरतात ते बिनसळईच्या कामात, तेही सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत. आणि त्याने माल लवकर आवळतो, म्हणजे घट्ट होतो इतकंच, पाणी गोठायचं थांबत नाही. सळई असेल तर क्लोराइड नसलेलं अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे माल लवकर आवळवणारं रसायन घ्यायचं.

घामाघूम
माझी एक सळई गंजलेली नाही.

ओळंबा
फोडून बघितलीत?

रंगरंगोटी
गॅरेज आहे तर वर इपॉक्सीचा लेप करून घ्या. ऑइलचे डाग पडत नाहीत, झाडायलाही सोपं.

चौथा_थर
इपॉक्सी कुणी विचारलं? गोण्या बघितल्या, पीपीसी आहे. सळई नाही, फक्त जाळी. हो, एक राहिलं, वर छप्पर आहे. तीन बाजूंनी भिंती, पुढचं शटर बसायचंय. पीठ निघतंय ते शटरच्या बाजूला.

ओळंबा
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! छप्पर आणि भिंती असतील तर आतला भाग वाचलेला असू शकतो. उघडी कड दोन बाजूंनी गार होते, म्हणून ती आधी जाते. पीपीसीत राख असते, थंडीत ते आणखी सावकाश आवळतं.

टणटण आवाजावर जाऊ नका, बर्फही टणटण वाजतो. रिबाउंड हॅमर (ठोकून काँक्रीटची ताकद मोजायचं यंत्र) घेऊन कुणी आलं तर तोही गोठलेल्या मालावर फसवा, मोठा आकडा दाखवतो. कडेचा आणि आतला असे दोन तुकडे काढा, घरात आणून कोमट पाण्याच्या बादलीत टाका. आवळलेला असेल तर तसाच राहील, नुसता गोठलेला असेल तर चिखल होईल. तुकड्याच्या अंगावर पिसांसारख्या रेघा दिसतात का तेही बघा. ते बर्फाच्या स्फटिकांचे ठसे.

पाणी बर्फ होताना सुमारे ९ टक्के फुगतं. माल साधारण ३.५ एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं माप) ताकदीला पोचायच्या आत गोठला तर आतली वीण उसवते. १० अंशांवर ऊब धरली असती तर दोन दिवसांत तेवढी ताकद आली असती.

भुईसपाट
एवढं वाचण्यापेक्षा फोडणं सोपं.

निवांत
सगळंच फोडायची गरज नसते. एकदाच गोठलं आणि पुढे नीट ऊब मिळाली तर बरीच ताकद परत येते. फक्त ते पूर्वीसारखं पाणी अडवत नाही आणि पुन्हापुन्हा गोठणं सोसत नाही. म्हणून शटरची कड सांभाळा, पाऊस आणि गारठा तिथेच लागणार. यावरून आठवलं, आमच्या गच्चीवरचा नळ थंडीने फुटला, पाईपला गुंडाळायचा फोम कोणता चांगला?

ओळंबा
नवा धागा काढा.

भुईसपाट
बरं, ठेवायचंच असेल तर ताडपत्री लावून आत कोळशाची शेगडी पेटवा.

ओळंबा
नको! बंद जागेत शेगडीने माणूस जातो. शिवाय तिच्या कार्बन डायऑक्साइडने ताज्या मालाचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आयुष्यभर धूळ झाडत बसाल. धूर बाहेर सोडणारा हीटर असेल तर ठीक. नसेल तर प्लास्टिक, त्यावर जाड गोधड्या किंवा पेंढा, आणि कडा नीट दाबून. पाणी मारू नका, आतली ओल प्लास्टिकखाली राहते तेवढी पुरे.

चौथा_थर
टेस्ट केली. आतला तुकडा जसाच्या तसा. कडेचा पाच मिनिटांत बसला, तळाशी राखाडी गाळ आणि वर खडी. पिसांच्या रेघाही होत्या, काचेवर धुकं गोठतं तशा. फूटभर पट्टा गेला म्हणायचा. आता सांगायला हरकत नाही, काल सकाळी तिथल्या मुरमावर पांढरं दव होतं, त्यावरच माल टाकला.

ओळंबा
तरीच. गोठलेल्या मुरमावर कधी टाकू नये, तो वितळला की खचतो. पट्टा पक्क्या मालापर्यंत सरळ कापा. आतल्या भागावर गोधड्या आठवडाभर ठेवा, मग एकदम ओढू नका, हळूहळू उघडा.

चौथा_थर
आज कापतो. परवा पट्टा आणि पुढचा उतार टाकायचाय, रात्री उणे २ दाखवतंय. टाकू?

ओळंबा
थांबता येत असेल तर थांबा. नसेल तर मुरूम आधी झाकून उबदार करा, पाणी ६० अंशांच्या आत तापवा, आधी खडी-वाळूत ओता आणि सिमेंट शेवटी टाका. पाणी कमीच ठेवा. ताडपत्रीवर विटा ठेवा.

चौथा_थर
मिस्त्रीला वाचून दाखवलं. म्हणतो, हे सगळं करण्यापेक्षा मीठ टाकलं असतं तर झालं असतं.

घामाघूम
मी काय म्हणत होतो!