राजा उतरला तेव्हा गेटवे होता कुठे?

गेटवे ऑफ इंडियावरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज गेटवेच्या कमानीखालून मुंबईत शिरला. अहो, डिसेंबर १९११ मध्ये तो अपोलो बंदरावर उतरला तेव्हा तिथे नुसता पुठ्ठ्याचा देखावा होता! कोनशिला बसली ३१ मार्च १९१३ ला, वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये. मग समुद्रात भराव घालणं आलं, ते १९१९ पर्यंत चाललं. उद्घाटनाला ४ डिसेंबर १९२४ उजाडला.

आम्ही धुळ्याकडची माणसं, समुद्र दिसला की बाकी काही दिसत नाही. पण मागच्या खेपेला लाँचच्या रांगेत पाण्याकडे पाठ करून मी गेटवेच्या कोरीव दगडी जाळ्याच बघत राहिलो. ऊन त्यातून चाळून आल्यासारखं फरशीवर सांडलं होतं. दगड पिवळसर बेसाल्ट, धाटणी सोळाव्या शतकातल्या गुजरातेतली. आमच्या थाळनेरला तापीकाठी खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यातल्या अष्टकोनी कबरीचं कोरीवकाम पाहिलेल्याला इथं परकं वाटणार नाही. (माझं मत हं, मी काही जाणकार नाही.)

आणि कमान रस्त्याला तिरकी का? समोरून सरळ, रुंद रस्ता यायचा होता. पैसे नव्हते, रस्ता राहिलाच.