मदत हवी आहे: पांझरेवरचा बंधारा पाडावा का ठेवावा?

नमस्कार मंडळी, धुळे जिल्ह्यात पांझरा काठी आमचं गाव, नदीवर जुना के टी (कोल्हापूर पद्धतीचा, गेट टाकून पाणी अडवायचा) बंधारा आहे. आता तो गाळाने इतका भरलाय की दिवाळीनंतर गेट टाकले तरी वरच्या अंगाला जेमतेम गुडघाभर पाणी राहतं, दोन गेट तर गंजून खाचेतच अडकलेत आणि पुराचं पाणी बाजूने वळून काठाची काळी माती कापून नेतंय, एका भाऊबंदाच्या शेतातली निंबाची झाडं मुळासकट गेली. गावातली पोरं म्हणतात पाडूनच टाका, अमेरिकेत क्लामथ नदीवरची 4 धरणं 2024 पर्यंत काढली, मासे लगेच नदीच्या वरच्या भागात परत आले. बरोबर आहे, पण ती धरणं मुख्यतः विजेसाठी होती, वीज दुसरीकडून आणता येते, आमच्या विहिरींचं पाणी कुठून आणायचं? कांदा आणि केळी दोन्ही बंधाऱ्यातून विहिरींत येणाऱ्या पाझरावरच आहे भो.

मला स्वतःला वाटतं आधी गाळ काढून बघावा, गाळमुक्त धरण योजनेत तो शेतात टाकता येतो. पण दरवर्षी परत भरणार असेल तर काय उपयोग? कोणाच्या गावात बंधारा काढला किंवा फुटला आणि नंतर शेततळी, नाला खोलीकरण, विहीर पुनर्भरण करून पाणी टिकलं का? उन्हाळ्यात विहिरींची पातळी किती उतरली? आणि परवानगी कोणाकडे मागायची, ग्रामसभेचा ठराव पुरतो का? जाणकारांनी प्लीज सांगा, पावसाळ्याआधी ठरवायचंय.