लॅमिनेट दस्त्याला तेल पाजण्यात काही अर्थ आहे का?

आडवातिडवा

रायफलला नवा लॅमिनेट दस्ता बसवतोय. आकार तयार, आतल्या खाचा कोरलेल्या, बाहेरून मात्र कोरा. राखाडी आणि काळे थर. फिनिश आपलं आपण करायचं. ज्याला विचारावं तो पहिल्यांदा तेलाचं नाव घेतो. माझं मत नेमकं उलट आहे: अक्रोडाच्या दस्त्याला जे शोभतं ते लॅमिनेटवर करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मुळात यात निव्वळ लाकूड कितीसं? साधारण दीड मिलिमीटरचे बर्चचे पापुद्रे रंगवायचे, त्यांत राळ मुरवायची आणि उष्णता-दाब देऊन एकावर एक चिकटवायचे. दोन इंचांत तीस-पस्तीस थर येतात. छिद्रांत आधीच राळ जाऊन बसलेली, तेल शिरणार कुठे? दोन थरांमधल्या चिकट्याच्या रेषेत तर काहीच मुरत नाही. शेवटी तेल वरच बसतं. वरच बसायचं असेल तर त्यासाठीच बनवलेलं काहीतरी लावा की! टूके (दोन घटक मिसळून लावायचं) पॉलीयुरेथेन, म्हणजे पीयू, मॅट, दोन हात, विषय संपला.

पटत नसेल तर कारणासकट बोला. ‘पूर्वीपासून असंच करतात’ हे कारण धरलं जाणार नाही.

पांढरपेशा_सुतार

अर्धं पटलं. सपाट बाजूला थर आडवे पडतात, तिथे तुम्ही म्हणता तसंच होतं. पण मुठीपाशी आणि मागच्या टोकाला थर तिरके कापले जातात, लाकडाच्या रेष्यांची (तंतूंची) तोंडं उघडी पडतात. तिथे लाकूड चांगलं पितं, राळ असो वा नसो. एकाच दस्त्यावर एक भाग पिणारा आणि एक न पिणारा, ही खरी अडचण. तेल असो की पीयू, पहिला पातळ हात टोकांना जास्तीचा द्यावा लागतो. नाहीतर मुठीवर फिनिश कोरडं दिसतं आणि बाजूला चकाकतं.

आणि फिनिशवर भांडण्याआधी घासकामावर बोला. चिकट्याची रेष लाकडापेक्षा कडक असते. पॉलिश पेपर बोटाखाली धरून घासलात की मधलं लाकूड झिजतं आणि रेष वर राहते. हाताला कळत नाही. वर चकचकीत हात चढला की तिरक्या उजेडात दस्ताभर लाटा दिसतात. कायम ठोकळ्यावर कागद गुंडाळून, रेष्यांच्या दिशेने, २२० मग ३२०. गोलाईला रबराचा ठोकळा. काळ्या थराची भुकटी शेजारच्या फिकट थरात जाऊन बसते, ती कापडाने चोळू नका, ओढून किंवा फुंकून काढा. चोळली की राखाडी कायमचा मळका.

दहा_मीटर

असहमत, आणि पूर्वीपासून चालत आलंय म्हणून नाही.

बंदुकीचं तेल म्हणून जे बाटल्यांत मिळतं त्यातलं बरंचसं शुद्ध तेल नसतंच. पॉलिमराइझ केलेलं जवसाचं तेल, त्यात राळ आणि विरळ करायला द्रावक. म्हणजे पुसून लावायचं वॉर्निशच. ते आत शिरावं अशी अपेक्षाच नाही. पातळ हातांवर हात चढून त्याचाही पापुद्रा होतो. तेव्हा ‘तेल शिरत नाही’ हा तुमचा मुद्दा खरा असला तरी गैरलागू आहे.

मुद्दा दुरुस्तीचा आहे. रायफल वापरली की ओरखडे येणारच. रॅकवर आपटते, पट्ट्याची कडी घासते, रेतीत टेकते. टूकेवर खोल ओरखडा आला की तेवढाच भाग भरून आजूबाजूशी मिळवणं कठीण. बहुतेक वेळा अख्खी बाजू घासून पुन्हा फवारावी लागते. तेलाच्या फिनिशवर बारीक कागद फिरवा, बोटाने दोन थेंब चोळा, सुकू द्या, जोड शोधून सापडत नाही. फिनिश पहिल्या दिवशी कसं दिसतं यावर सगळे भांडतात, मला ते पाचव्या वर्षी कसं दिसतं यात रस आहे.

आडवातिडवा

@दहा_मीटर, दुरुस्तीचं कबूल. पण तुमच्या तेलाला ओरखडे लवकर येतात म्हणून दुरुस्ती सोपी हवी, हेही खरं ना? टूकेवर तो ओरखडा बहुधा उमटलाच नसता. शिवाय सुकण्याचं काय? दमट हवेत प्रत्येक हाताला थांबा, मग घासा, मग पुन्हा थांबा. कच्चं जवसाचं तेल लावलं तर आठवडेच्या आठवडे बोटाला चिकटत राहतं.

दहा_मीटर

कच्चं लावा असं कोण म्हणतंय? बॉइल्ड लिनसीडमध्ये (बाजारात या नावाने मिळणारं जवसाचं तेल) सुकवणारे धातूंचे क्षार असतात, बाटलीतल्या बंदूक-तेलांतही बहुधा असतात. आणि थांबायला लागतं तर लागू दे. दस्ता काय उद्या लग्नाला जायचाय?

एक मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा: लिनसीडने भिजलेला बोळा चुरगाळून टोपलीत टाकू नका. सुकताना उष्णता निघते, ढिगात ती अडकते आणि चिंधी आपोआप पेट घेते. मोकळ्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

शंकासुर

तेलाच्या चिंधीवर एवढं बोललात, टूकेबद्दल धागाकर्ता गप्प का? त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना नाकातोंडात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे थोडंसंही पुरतं. वास येऊन सावध करेल म्हणावं तर तसंही नाही. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आणि नीट हवा खेळणारी फवारणीची खोली नसेल तर हे गाडी रंगवणाऱ्याकडे नेऊन करून घ्यायचं काम आहे. बाल्कनीत करायचं नाही. ‘दोन हात, विषय संपला’ म्हणे!

आडवातिडवा

शंकासुरराव, हा मुद्दा बिनतोड आहे. फवारणी बाहेरून करून घ्यायची असंच डोक्यात होतं, लिहायचं राहिलं. पण त्याने पापुद्रा विरुद्ध तेल हा वाद मिटत नाही. हाताने पुसून लावायचं एकघटक पीयू आहेच की. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो तेवढा पाळायचा. तो उलटून गेला तर हलकं घासून पुढचा हात. नाहीतर मधूनच पोपडे निघतात.

लाखेचा_माणूस

तुम्ही सगळे दोन टोकांना उभे. मध्ये शेलॅक आहे, लाखेचं पॉलिश, आणि लॅमिनेटवर त्याचा इतिहास तुमच्या टूकेपेक्षा मोठा. सोव्हिएत एकेएम रायफलच्या थरांच्या बर्चच्या दस्त्यांवरची ती तांबूस झाक अनेकदा शेलॅकचीच. स्पिरिटमध्ये विरघळतं, काही मिनिटांत सुकतं, नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. म्हणजे दहा_मीटरची दुरुस्ती आणि आडवातिडवाचा पापुद्रा, दोन्ही एकात.

हवेतली वाफ अडवण्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने निरनिराळी फिनिशं तपासली आहेत. वितळवलेलं मेण आणि दोन घटकांचं इपॉक्सी वरच्या रांगेत, शेलॅकही चांगल्यापैकी, आणि लिनसीड? जवळजवळ तळाला. तेल ‘लाकडाचं पाण्यापासून रक्षण करतं’ म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

दहा_मीटर

वाफ अडवण्यात लिनसीड कच्चं आहे, मान्य. पण तो अक्रोडासाठी जिव्हाळ्याचा प्रश्न. इथे राळेने निम्मं काम आधीच केलंय. लॅमिनेट लोक घेतातच मुळी ते हवेबरोबर फारसं हलत नाही म्हणून; त्यापायी अक्रोडापेक्षा पाव-अर्धा किलो जास्त वजनही सोसतात. मग ज्या गुणासाठी दस्ता घेतला त्याच गुणासाठी फिनिशही निवडायचं, हे दोनदा पैसे मोजणं झालं.

आणि शेलॅकवर स्पिरिटचा थेंब पडला की डाग. अमोनिया असलेलं नळी साफ करायचं द्रावण ओघळलं की गेलं. रायफलजवळ नेमक्या याच गोष्टी असतात.

लाखेचा_माणूस

ओघळ पुसायला चिंधी असते हो. बरं, उघडं शेलॅक नको तर मेण काढलेलं शेलॅक तळाला सीलर (छिद्रं बंद करणारा पहिला हात) म्हणून लावा, वर काहीही चढवा. मेणवाल्या शेलॅकवर मात्र पीयू नीट धरत नाही, तेवढं बघा.

फिकटनिळा

तीन पिढ्यांचं भांडण झालं, रंगाबद्दल एक अक्षर नाही! धागाकर्त्याचे थर राखाडी आहेत. लिनसीड असो, तेलावर आधारित पीयू असो, दोन्हींत पिवळट छटा आहे आणि ती वर्षागणिक वाढते. तपकिरी थरांवर ती सोन्यासारखी खुलते. राखाडी तिच्याखाली मातकट होतो, निळा हिरवट होतो. माझा निळा-राखाडी दस्ता आहे. मागच्या रबरी पॅडखालच्या जागी अर्ध्या भागावर तेल आणि अर्ध्यावर पाण्यावर आधारित पीयू लावून बघितलं. तेलाकडची निळाई लगेच शेवाळी दिसायला लागली, पीयूकडे थर जसेच्या तसे. पुढे वादच उरला नाही.

पाण्यावरच्या फिनिशची खोड अशी की पहिल्या हाताला रेषे उभे राहतात. म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या, उठलेली लव कागदाने हलकी कापा, मग हात द्या. आणि मध्ये स्टील वूल वापरू नका, त्याचे तंतू अडकून राहतात आणि पाण्याने गंजतात. फिकट थरांवर तांबडे ठिपके येतात.

थरांचा रंग सुटतो का तेही आधी त्याच लपलेल्या जागी बघा. कापूस थिनरमध्ये बुडवून चोळा. कापूस रंगला तर तो थिनर असलेलं काहीही पुसून लावू नका, गडद रंग फिकट थरावर ओढला जातो.

पांढरपेशा_सुतार

+१. लपलेल्या जागी आधी करून बघणं हे एक वाक्य धाग्याच्या मथळ्यात टाका.

आतल्या_गाठीचा

बाहेरच्या रंगरूपावर एवढा ऊहापोह, आतलं कुणी बोलेना. नळीची पन्हळ, मॅगझिनची खाच, पॅडखालचं टोक, स्क्रूची भोकं. ओल आत घेते ती हीच जागा. बाहेर टूके चढवा नाहीतर लोणी चोपडा, आत कोरं ठेवलंत तर उपयोग नाही. तिथे पातळ सीलर, टोकाला दोन-तीन हात.

पण ॲक्शन (रायफलची मधली यंत्रणा) दस्त्यात जिथे टेकते तिथे जाड फिनिश अजिबात नको. दोन हात क्लिअरकोटची जाडी साधारण ५० मायक्रॉन धरा. स्क्रू आवळले की तो थर दबतो, सरकतो, आणि मग गोळ्यांचा गट का पसरला म्हणून दुर्बिणीला दोष देत बसता. बेडिंग (ॲक्शन घट्ट बसावी म्हणून तिच्याखाली इपॉक्सीचा साचा भरणं) करायचं असेल तर आधी बेडिंग, मग ती जागा चिकटपट्टीने झाकून बाकीचं फिनिश. मुक्त सोडलेल्या नळीभोवतीची फट फिनिशनंतर पुन्हा कागदाची पट्टी सरकवून तपासा. मुठीवर चौकटीची नक्षी असेल तर तीही झाका. पीयूने भरली की पकड गेलीच. तिथे फार तर विरळ केलेला एक हात जुन्या टूथब्रशने.

आडवातिडवा

फिकटनिळा आणि आतल्या_गाठीचा यांचे प्रतिसाद आधी यायला हवे होते, माझं बरंच टंकन वाचलं असतं. ठरवलं: पाण्यावर आधारित मॅट पीयू, पातळ, हाताने. आत सीलर, बेडिंगची जागा कोरी. चकचकीत नको, उन्हात लांबून चमकतं आणि सुतारांनी सांगितलेल्या लाटाही त्यातच उठून दिसतात. तेलाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

दहा_मीटर

राखाडीला पाण्यावरचं पीयू, हरकत नाही. तपकिरी दस्ता घेशील तेव्हा ये परत.

शंकासुर

एक शंका उरली. डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने रायफल धरली तर यातलं काय टिकतं?

लाखेचा_माणूस

मलमात डीट असेल तर कशावरच भरवसा ठेवू नका. वॉर्निश आणि काही प्लास्टिकं तर ते मऊ करतंच. आधी हात धुवा, मग रायफल उचला.