कृषी सहायकानं ग्रामसभेत लोकांना बोलतं करावं का?

माणदेशी: आमची १५ ऑगस्टची ग्रामसभा दरवेळी वीस मिनिटांत उरकायची. यंदा कृषी सहायक मॅडमनी पारावर खडूनं मांडलं: शिवार १,००० हेक्टर, म्हणजे १ मिमी पावसाचं पाणी १ कोटी लिटर. मग विचारलं, "यातलं प्यायला किती, पिकाला किती, तुम्हीच सांगा." मागं बसलेल्या दोघीजणी पहिल्यांदाच बोलल्या, उन्हाळ्यात टँकर कुठल्या वस्तीवर आधी जातो यावर. तासभर कुणी हललं नाही.
माझं म्हणणं, कृषी सहायकाचं विस्तारकार्य, म्हणजे शेतीचं ज्ञान गावापर्यंत नेणं, बियाणं-औषधापुरतं नाही. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं विद्यापीठांचं ज्ञान गावोगाव नेणारी यंत्रणा उभी राहिली. तिथले विस्तार शिक्षक आज गावाच्या प्रश्नांवरच्या बैठकाही चालवतात. मग आपल्याकडं का नको?

द्राक्षवाला, तासगाव: अजिबात पटत नाही. टँकरच्या वादात सरकारी माणूस शिरला की तो कुठल्या तरी गटाचा ठरतो. उद्या तोच पंचनाम्याला आला तर अर्धं गाव संशयानं बघणार. मागच्या अवकाळीत माझ्या बागेच्या पंचनाम्याला नऊ दिवस लागले, घड वेलीवरच सडले. डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसला की मला सल्ला त्याच दिवशी हवा. एका कृषी सहायकाकडं चार-पाच गावं असताना सभा कधी घेणार? आणि खानापुरात तांदुळवाडीचं बळीराजा धरण लोकांनी येरळा नदीतली वाळू विकून, चळवळ करून उभारलं. ती धमक खात्यातून येत नाही.

बचत गटातली, खटाव: ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची हा कायदा आहे. आमच्याकडं ती नुसत्या सह्यांवर व्हायची. कृषी विभागाच्या ताई शेतीशाळेला आल्या, त्यांनी नियम वाचून दाखवला, तेव्हा आम्ही सभा मागून घेतली. त्या कुणाच्या बाजूनं बोलल्या नाहीत.

निवृत्त कृषी सहायक, कराड: दादा, घड सडल्याचं दुःख मी जवळून बघितलंय. पण बळीराजा धरणाचंच घ्या. तिथं लोकांच्या जोडीला अभियंते आणि विज्ञान चळवळीतली माणसं होती, हिशेब गावासमोर मांडत होती. जाणकारानं आकडा द्यावा, निर्णय गावानं घ्यावा. टँकर कुठं आधी, हे कृषी सहायकानं कधीच सांगू नये. ही रेघ मी नोकरीभर पाळली.

द्राक्षवाला, तासगाव: रेघ मान्य. पण आधी कृषी सहायकांच्या रिकाम्या जागा भरा. पंचनामा अडकवून घेतलेल्या सभेला मी येणार नाही.

माणदेशी: जागा भरायचा ठराव याच ग्रामसभेत घेऊ या की. २ ऑक्टोबरला मांडतो, तुम्हीही तुमच्याकडं मांडा.