मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडीच्या मागच्या ब्रेक डिस्क वेळेआधीच झिजल्या

घाटवाट:
पेट्रोल ऑटोमॅटिक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक, 38,000 किमी. पुढच्या डिस्क ठणठणीत, मागच्या गेल्यात. डाव्या डिस्कला आतून खोल चरे, कडेला नखाला लागेल असा काठ. डावा आतला पॅड पत्र्यापर्यंत आलाय, बाहेरचा मात्र निम्मा शिल्लक. डिस्कवर किमान जाडी 8 मिमी कोरलेली आहे. व्हर्नियरने डावी 8.1, उजवी 9.2 भरली, नवी 10 असते. लेथवर साफ करून चालेल का? ऑटो होल्ड (गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) कायम चालू असतो, त्याने झालं का? घरी बदलता येतील?

तेरा_चौदा_पाना:
लेथ विसरा. दोन्ही बाजूंनी 0.1 काढलं तरी 7.9 उरेल. शिवाय व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकले असतील तर खरी जाडी आणखी कमी असणार. काठाच्या आत मायक्रोमीटरने मोजा. उजवी अजून मापात असली तरी डिस्क आणि पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदला.

ऑटो होल्ड निर्दोष आहे. थांबलेल्या चाकावर पॅड घासतच नाही. ट्रॅफिकमध्ये डी मध्ये गाडी सरपटत असताना ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवणं मात्र महागात पडतं, कारण हलक्या ब्रेकिंगला बऱ्याच गाड्या मागच्या चाकांनाही चांगलाच वाटा देतात.

पण तुमचा खरा आजार वेगळा दिसतोय. आतला पॅड संपला आणि बाहेरचा शिल्लक, म्हणजे फ्लोटिंग कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा, पिनांवर सरकणारा चिमटा) स्लाइड पिना अडकल्यात. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, पण कॅलिपर सरकतच नाही. दोन्ही पॅड सारखेच संपले असते तर पिस्टन, पार्किंग ब्रेक किंवा आतून फुगलेला होज (ब्रेकची रबरी नळी) तपासायला सांगितलं असतं. पिना मोकळ्या न करता डिस्क बदलल्या तर नव्याही तशाच जातील.

घाटवाट:
डाव्या कॅलिपरची खालची पिन हाताने हलतच नाही. आता क्रम सांगा.

तेरा_चौदा_पाना:
आणायचं: डिस्कची जोडी, क्लिपांसह पॅड सेट, पिना आणि त्यांच्या रबरी बुटांचं (टोप्यांचं) किट, सिलिकॉन ब्रेक ग्रीस, ब्रेक क्लीनर. साधं ग्रीस नको, रबर फुगून पिन पुन्हा अडकते.

गाडी सपाटीवर, गिअर पी मध्ये, पुढच्या चाकांना उटी, मागे जॅक स्टँड. स्कॅनरने पार्किंग ब्रेक मेंटेनन्स मोडमध्ये घ्या, म्हणजे त्याची मोटर मागे जाते. मोटर मागे न घेता पिस्टन सी-क्लॅम्पने दाबाल तर आतला स्क्रू किंवा मोटर जाईल. काम संपेपर्यंत पार्किंग ब्रेकच्या बटणाला हात लावू नका. (साधा हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, इथे सरळ दाबायचा.)

कॅलिपर तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. डिस्कचा छोटा स्क्रू गंजलेला असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, साध्याने खाच गोल होते. मग हबचा गंज वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत काढा. ही पायरी लोक टाळतात आणि नंतर पेडल थरथरतं म्हणून डिस्कला नावं ठेवतात. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल क्लीनरने पुसा. पिस्टन दाबताना टाकीतलं ब्रेक फ्लुइड वर येतं, झाकण काढून लक्ष ठेवा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

पॅडवाला:
एक भर. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग मेंटेनन्स मोडमधून बाहेर या आणि मॅन्युअलमध्ये असेल तर कॅलिब्रेशन करा. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 10 किमीपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, पूर्ण थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं फिरून दोन्ही मागच्या डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. डावी बरीच गरम निघाली तर कॅलिपर पुन्हा उघडा.