उन्हाळ्यात मॅडिसन ‘ओस’ पडतं म्हणे!

शेवंती

काल विस्कॉन्सिनमधल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आमच्या मॅडिसनबद्दल, म्हणजे विद्यापीठाच्या गावाबद्दल, एक मेसेज फिरत होता. सारांश असा: “आईबाबांना सहा महिन्यांसाठी बोलावत असाल तर उन्हाळ्यात मॅडिसनला ठेवू नका. मे महिन्यात पोरं डिग्र्या घेऊन गेली की गाव ओस पडतं. जे काही उरतं ते फुकटातलं. गवतावर बसा, डास मारा, बिअर पिणाऱ्यांची तोंडं बघा. त्यापेक्षा तिकीट काढून शिकागो दाखवा.” खाली एकोणीस अंगठे. ग्रुपवर उत्तर दिलं की अ‍ॅडमिन ‘वाद नकोत’ म्हणून गुलाबाचा फोटो टाकतो, म्हणून इथे लिहिते.

नऊ वर्षं काढली आहेत मी या गावात, त्यातली पाच विद्यापीठाच्या ईगल हाइट्स क्वार्टर्समध्ये. पोरं गेली की गाव ओस पडत नाही हो, मोकळं होतं. सप्टेंबरात विद्यापीठाच्या मेमोरियल युनियनच्या टेरेसवर त्या सूर्यफुलासारख्या खुर्चीसाठी ताटकळावं लागतं. जूनमध्ये ती आपसूक मिळते, समोर मेंडोटा तळं असतं, साडेआठपर्यंत उजेड असतो आणि गाणंबजावणं चालू असतं. एक पैसा पडत नाही. सोमवारी पडदा लावून सिनेमा दाखवतात, तोही तसाच.

आमचे आईबाबा दोन वर्षांपूर्वी आले होते. बाबांची आयुष्यभराची एसटीची नोकरी. कॅपिटलच्या, म्हणजे इथल्या विधानभवनाच्या, हिरवळीवर बुधवारी चेंबर ऑर्केस्ट्रा वाजतो (१९८४ पासून, उन्हाळ्यातले सहा बुधवार). तिथला नियम असा की दुपारी ३ च्या आधी चादर टाकायची नाही. हे कळल्यावर बाबांचा चेहरा असा खुलला! खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी ज्याने पस्तीस वर्षं भांडण केलं, तो माणूस पावणेतीनला चादर काखेत मारून उभा. तीनच्या ठोक्याला पहिली चादर आमची. संगीत त्यांना कितपत कळलं देव जाणे, पण त्या चादरीची गोष्ट ते अजून सांगतात.

शनिवारी त्याच कॅपिटलच्या चौकाभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ पासून. ज्याने पिकवलं त्यानेच विकायचं, मधला दलाल नाही. आईने आग्नेय आशियातल्या ह्मोंग समाजाच्या एका आजींकडून कारली घेतली आणि वर मूठभर मिरच्या मागितल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मिरच्या मिळाल्या.

आणि ‘फुकटातलं’ हा शब्द मला खरा झोंबला. व्हिलास प्राणिसंग्रहालय फुकट का आहे, माहीत आहे? व्हिलास दांपत्याने मधुमेहाने गेलेल्या मुलाच्या नावाने १९०४ साली जमीन दिली, ती प्रवेशाला कधीच पैसे घ्यायचे नाहीत या अटीवर. त्याला फुकटातलं म्हणायचं की दान? ज्याला तिकीट नाही ते हलकं, हे कुणी शिकवलं आपल्याला?

व्हेरोनावासी

तो मेसेज माझा. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुमचं घर कॅम्पसला लागून. दाराशी ८० नंबरची बस, तीही फुकट. मी व्हेरोनात, मॅडिसनबाहेरच्या उपनगरात राहतो. आम्ही दोघं नोकरीला. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. चालत जाण्यासारखा थांबा नाही. गाडी त्या चालवत नाहीत. तेव्हा तुमच्या ‘एक पैसा पडत नाही’ कार्यक्रमासाठी मला अर्धा दिवस रजा, पार्किंगचे पैसे, शिवाय त्यांना गवतावरून उठवायला दोन माणसं. शिकागोला निदान बाक असतात.

आणि ‘चादरीची गोष्ट ते अजून सांगतात’ म्हणता, कारण उरलेले ऐंशी दिवस सांगण्यासारखं काही घडलंच नसणार. आमच्या सासूबाई दुपारी खिडकीत बसून समोरच्यांच्या गवत कापायच्या यंत्राकडे बघतात. हे मी ओस नाही तर काय म्हणू?

काटकोन

संगीताबद्दल एक शब्द. ती मैफल नव्हे, ती सहल. पुढे वाद्यवृंद जीव तोडून वाजवतोय आणि आजूबाजूला चीजचे डबे उघडतायत, ‘सो हाउ आर द किड्स’ चाललंय. एकदा मी मागे वळून ‘शू’ केलं. त्यांनी मलाच वाइन देऊ केली.

शेवंती

@काटकोन, सवाईला मंडपाच्या मागच्या अंगाला काय चालतं, विसरलात वाटतं.

@व्हेरोनावासी, गुडघ्यांचं मान्य. पण मग मेसेजमध्ये ‘व्हेरोनात ठेवू नका’ लिहायचं होतं. गावाला का नावं ठेवता? ऑलब्रिच बागेत बाक आहेत, रस्ते सपाट आहेत, बाहेरच्या बागेला तिकीट नाही. थायलंडच्या सरकारने आणि तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला सोनेरी मंडप आहे, सासूबाईंना देवळासारखा वाटेल.

व्हेरोनावासी

देवळासारखा वाटेल! आणि प्रसादाला काय, सनस्क्रीन?

तळ्याकाठी

“समोर मेंडोटा तळं असतं.” असतं ना. वासासकट. जुलैत टेरेसवर बसून कुणी तळ्याचं काव्य करायला लागलं की मला राहवत नाही, कारण मी तपासणीसाठी त्याच पाण्याच्या बाटल्या भरून पोट भरते. वरच्या शेतांमधलं शेणखत पावसाबरोबर ओढ्यातून तळ्यात उतरतं, त्यातला फॉस्फरस खाऊन निळं-हिरवं शेवाळ माजतं, मग पोहण्याचे किनारे बंद. पूर्वी डॅफ्निया नावाचे बारके जीव ते शेवाळ फस्त करायचे. २००९ मध्ये इथे काटेरी पाणपिसू सापडली, ती त्या डॅफ्नियांनाच खाते. जगात ज्या तळ्यांचा सर्वांत जास्त अभ्यास झालाय त्यांतलं हे एक, आणि तरी दर उन्हाळ्यात मटाराच्या सूपासारखं दिसतं. पाहुण्यांना दाखवा अवश्य, पण त्यांना पाय बुडवू देण्याआधी किनाऱ्यावरची पाटी वाचा.

काटकोन

धागा आईबाबांचा होता, पिसूवर कधी आला?

चिंगी

फुकटाचा विषय निघालाच आहे तर मॅडिसनचा खरा उन्हाळी उत्सव कुणीच कसा काढला नाही? १४ आणि १५ ऑगस्ट! कॅम्पसजवळच्या बऱ्याच घरांचे करार १४ ला दुपारी संपतात आणि नवे १५ ला सुरू होतात. मधली रात्र पोरं गाडीत सामान भरून नाहीतर मित्राच्या जमिनीवर काढतात आणि जे मावत नाही ते फुटपाथवर. हिप्पी ख्रिसमस म्हणतात त्याला. आपला स्वातंत्र्यदिन, त्यांचं वस्तूंपासून स्वातंत्र्य! माझं ओकचं पुस्तकांचं कपाट, टेबल, दोन दिवे, कुकरएवढं एक पातेलं, सगळं तिथलं. माझ्या बाबांना मी मुद्दाम ऑगस्टात बोलावलं. शिकागोच्या त्या आरशासारख्या शेंगेच्या शिल्पासमोर त्यांनी दोन मिनिटं काढली. मिफ्लिन स्ट्रीटवर चार तास फिरले आणि एक चालू स्थितीतला पंखा पाठीवर मारून आणला.

व्हेरोनावासी

निवृत्त माणसाला सातासमुद्रापार आणून त्याच्याकडून कचरा गोळा करून घेतलात आणि वर हे अभिमानाने सांगताय. धन्य.

चिंगी

कचरा तुमच्या डोळ्यांत. मी तेव्हा स्टायपेंडवर जगत होते. तुमच्यासारखं फर्निचर एका क्लिकवर दारात येत नव्हतं.

निमूट

कचरा म्हणणार नाही, पण ढेकूण म्हणेन. २०१६ ला मी असाच एक सोफा उचलला. सुंदर होता, हिरवा. तीन आठवड्यांनी बायकोच्या हातावर ओळीने गांधी उठल्या. पुढचे दोन महिने घरातलं प्रत्येक कापड पिशव्यांत बांधून ड्रायरच्या कडक आचेत, फवारणीवाला तीनदा, आणि घरमालकाने बिल आमच्या नावावर लावलं. कुणाला घरी बोलावण्याची सोय नाही आणि कुणाला सांगण्याचीही नाही. आजही कुठे हिरवा सोफा दिसला की मी उभाच राहतो.

चिंगी

अरेरे. पण सोफा कोण उचलतं? पहिला नियमच तो: जे दाबलं की दबतं ते उचलायचं नाही. गादी, उशी, सोफा, गालिचा, सगळं वर्ज्य. लाकूड, लोखंड, काच, एवढंच. लाकूडही स्क्रूच्या भोकांतून आणि सांध्यांतून बॅटरी मारून तपासायचं. काळे ठिपके दिसले की पुढे चालू लागायचं. दहा वर्षांत एकही ढेकूण नाही.

निमूट

हा नियम २०१६ ला कुठे होतात तुम्ही सांगायला?

व्हेरोनावासी

म्हणजे आता फुटपाथवर बॅटरी मारत फिरायचं. पोलीस विचारतील तेव्हा काय सांगायचं, डॉक्टरेट करतोय?

शेवंती

मंडळी, कृपया कपाटातून बाहेर या. विषय कार्यक्रमांचा आहे. फुटपाथचं सामान हा वेगळा धागा होईल.

चिंगी

नाही, इथेच बोलू. वर कुणी लिहिलंय, ‘ज्याला तिकीट नाही ते हलकं, हे कुणी शिकवलं आपल्याला?’ तुम्हीच ना? मग ऑर्केस्ट्रा फुकट ऐकला की संस्कृती आणि कपाट फुकट आणलं की वेगळा धागा? तुम्हालाही लाजच वाटते, फक्त जरा सुरेल.

शेवंती

…टोमणा लागला. ठीक आहे. माझ्या स्वयंपाकघरातला स्टूल लँगडन स्ट्रीटवरचा आहे. आईला ‘सेलमधून घेतला’ असं सांगितलंय. खूश?

चिंगी

अत्यंत.

सेवानिवृत्त

मी या ‘आईबाबां’पैकी एक बाबा. तिसरी खेप. मुलाने धागा वाचायला दिला, ‘बघा तुमच्यावर चर्चा चाललीय’ म्हणून. चर्चा छान आहे. आम्हाला विचारलं कुणी?

शिकागो पाहिलं. मान दुखली.

ऑर्केस्ट्राला मी एकदाच गेलो, पुन्हा जाणार नाही, आणि त्याबद्दल मला कुणी अडाणी म्हणू नये. बुधवारी संध्याकाळी विद्यापीठात जनुकशास्त्राच्या इमारतीत कुणी ना कुणी शास्त्रज्ञ सामान्य माणसाला समजेल असं बोलतो. कुणीही जाऊन बसावं. मी तिथे जातो. अर्धं समजतं. १९६८ ला याच विद्यापीठात असताना हरगोविंद खुरानांना नोबेल मिळालं, तेव्हा मी सातवीत होतो आणि गुरुजींनी ते नाव फळ्यावर लिहिलं होतं. त्या फळ्यावरच्या नावाच्या गावात मी बसलोय, एवढं मला पुरतं. ऑर्केस्ट्रा बुधवारी, व्याख्यान बुधवारी, वॉशबर्न वेधशाळेची दुर्बीणही बुधवारीच. उरलेले सहा वार काय पापी आहेत? तक्रार करायची तर ही करा.

शनिवारच्या बाजारात लोक चौकाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. सगळे. मला ती उलटी प्रदक्षिणा जमेना. मी सुलट फिरतो. मुलगा म्हणतो बाबा, धक्के बसतात. बसू देत. त्याला दोन तास पुढच्याची पाठ दिसते, मला समोरून येणारी तोंडं दिसतात. आता चार-पाच जण ओळखून हात करतात.

मुलगा ‘वीकेंडला नेतो’ म्हणतो. वीकेंडला त्याला कॉस्टकोची खरेदी असते. पहिल्या खेपेला मी अडीच महिने ‘वीकेंड’ची वाट पाहिली. दुसऱ्या खेपेला घराची किल्ली मागून घेतली आणि बसचा नकाशा छापून घेतला. तुमच्या सासूबाईंना विचारा, व्हेरोनावासी, किल्ली आहे का त्यांच्याकडे?

व्हेरोनावासी

किल्ली आहे काका. बस नाही. नकाशा छापून रस्त्यावर थांबा उगवत नाही. तुमचा मुलगा कुठे राहतो?

सेवानिवृत्त

रीजंट स्ट्रीटपासून दहा मिनिटांवर. तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण खिडकीचा उपाय शिकागो नव्हे. आठवड्यातून एकदा सकाळी कामाला जाताना त्यांना वाचनालयात सोडा आणि जेवणाच्या सुट्टीत परत आणा. तिथे बाक आहेत, गारवा आहे, स्वच्छतागृह आहे. आमच्या वयात कार्यक्रमपत्रिकेत मी आधी तेच बघतो.

काटकोन

या धाग्यातलं पहिलं उपयोगी वाक्य.

तळ्याकाठी

पिसूबद्दलची सगळीच वाक्यं उपयोगी होती.

व्हेरोनावासी

बरं. ‘ओस’ हा शब्द मागे घेतो, ‘गैरसोयीचं’ असं वाचावं. एकोणीस अंगठे परत करत नाही.

काल जेवताना सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, “गाणं नको, पण ती बाजारातली कारलेवाली बघायची आहे.” हे त्या इथे आल्यापासून मनात धरून होत्या की तुमचा धागा त्यांनी बायकोच्या फोनवर वाचला, माहीत नाही. शनिवारी आणतोय. गवत, चादर वगैरे जमणार नाही, मधेमधे टेकायला घडीची खुर्ची घेईन. दुकानातून. नवी. पावतीसकट.

चिंगी

घ्या, घ्या. फक्त पावती खुर्चीलाच चिकटवून ठेवा. १५ ऑगस्टला ज्याला सापडेल त्याला किंमत कळू दे.